स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' : वाचण्याचे की ऐकण्याचे?

'ख्रिस्तपुराण' हे नाव आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या कानांवरून गेले असेल. त्यातील दोन-चार ओव्याही पुष्कळांना पाठ असतील, आणि त्या कोणत्या हेही आम्ही न विचारता सांगू शकतो. मराठी भाषेला रत्नांची, फुलांची, सुगंधांची उपमा देणाऱ्या त्या ओव्या पाठ्यपुस्तकांतून, संमेलनांच्या व्यासपीठांवरून आणि भाषादिनाच्या भाषणांतून इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत की, सुमारे ११,००० ओव्यांचा तो सबंध ग्रंथ त्या दोन-चार ओव्यांची पुरवणी म्हणून लिहिला गेला असावा असे एखाद्यास वाटेल.

याहून वेगळा असा या ग्रंथाचा एकच उपयोग आमच्याकडे झाला, आणि तो म्हणजे भांडणातला. गोव्याच्या राजभाषेचा वाद १९८७ च्या कायद्यापूर्वी पेटला होता तेव्हा, आणि त्यानंतरही, मराठीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ख्रिस्तपुराण पुढे केले, आणि कोंकणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही त्याच ग्रंथातले कोंकणी शब्द बोट ठेवून दाखविले. आम्ही पेशाने वकील आहोत. एखादा कागद पुराव्यात दाखल झाला म्हणजे त्याचे काय होते ते आम्हांस ठाऊक आहे. त्याच्यावर निशाणीचा क्रमांक पडतो, त्यातील सोयीच्या ओळींखाली तांबडी रेघ येते, आणि तो कागद मुळात कोणी कोणास कशासाठी लिहिला होता हे विचारण्याची गरज कोणालाच उरत नाही. ख्रिस्तपुराणाचे नेमके हेच झाले आहे. तो ग्रंथ निशाणी म्हणून लिहिलेला नव्हता. तो देवळात, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या देवळात, रविवारी आणि सणावारी जमलेल्या लोकांना गाऊन ऐकविण्यासाठी रचलेला होता. त्याचे गुणदोष पाहावयाचे असतील तर त्याच कसोटीवर पाहिले पाहिजेत, आणि तसे पाहण्याचा हा आमचा अल्प प्रयत्न आहे.

प्रथम थोडी हकिकत. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्यातला मनुष्य. जेझुइट पंथाची दीक्षा घेऊन तो १५७९ साली गोव्यास उतरला आणि १६१९ साली येथेच वारला. मधली सुमारे चाळीस वर्षे त्याने बहुतांशी साष्टी महालात काढली. त्याचे पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांतून. १९०७ साली जोसेफ सालदान्या यांनी मंगळूरहून त्याची रोमन लिपीतील आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून तो देवनागरीत आणला. आणि त्यानंतर कारिदाद द्रागो व नेल्सन फाल्काव या दोन ख्रिस्ती धर्मगुरूंनी त्याची सान्वय संपादने केली. ग्रंथाचे दोन भाग आहेत. 'पहिले पुराण' सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तपूर्व काळापर्यंत ३६ 'अवस्वरूं'त, म्हणजे अध्यायांत, चालते; 'दुसरे पुराण' ५९ अवस्वरूंत ख्रिस्ताचे चरित्र सांगते.

आता जी गोष्ट टाळता येणार नाही ती आधीच बोलून टाकू. हे मासिक ज्या मंडळींच्या घरी जाते त्यांपैकी अनेकांची कुलदैवते ज्या ठिकाणी आज आहेत त्या ठिकाणची मूळची नव्हेत. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हालसा म्हार्दोळास आली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. साष्टीतील देवळे १५६६-६७ च्या सुमारास पाडली गेली, आणि स्टीफन्स गोव्यास उतरला तो त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले, तेव्हा त्यांची प्रेते मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामी स्टीफन्स होता. आणि त्याच प्रकरणात पुढे कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. सारांश, हे पुराण जेथे गाइले गेले त्या भूमीवरची राख अजून पुरती निवलेली नव्हती. ज्यांना ते ऐकवावयाचे होते त्यांच्यापैकी वडीलधाऱ्यांनी आपल्या लहानपणी पूर्वीच्या देवळाच्या चौकात दुसरे पुराण ऐकलेले असणार. हे विसरून ख्रिस्तपुराणाचे कौतुक करणे म्हणजे आपल्याच आजोबांची साक्ष वगळून खटला चालविण्यासारखे आहे.

परंतु ही गोष्ट ग्रंथकाराने स्वतः वगळलेली नाही, हेच ख्रिस्तपुराणाचे पहिले वैशिष्ट्य. पुराणाच्या आरंभी त्याने जो प्रसंग योजिला आहे तो असा : मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम चालले असता एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीस प्रश्न करतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, तुम्ही आम्हांस दोत्रीन शिकविलीत, प्रार्थना पाठ करून घेतल्यात, हे ठीक. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी मन रमावे असे दुसरे पुराण आम्हांस का देत नाही? सगळा ग्रंथ या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे येतो.

हा प्रसंग घडलेला आहे की रचलेला, या वादात पडण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. तो रचलेला असला तर उलट अधिकच महत्त्वाचा ठरतो. ज्याच्या पंथाच्या पाठीशी राज्याची सगळी सत्ता उभी होती असा एक गुरू आपल्या ग्रंथाच्या तोंडाशीच श्रोत्याची तक्रार नोंदवून घेतो, आणि ती तक्रार खोटी आहे असे म्हणत नाही. विधिनिषेधांचे पाठांतर आणि श्रद्धा यांच्यामध्ये एक रिकामी जागा राहते, आणि ती जागा कथेवाचून भरत नाही, हे त्याने ओळखले होते. आमच्या घरांतही हेच नव्हे काय? मुंजीत शिकविलेली संध्या किती जणांच्या तोंडी राहिली? पण लहानपणी आजीने किंवा हरदासाने सांगितलेले ध्रुवाचे आख्यान कोण विसरला आहे? धर्माची कलमे माणसाला काय करू नये ते सांगतात. संकट आले असता कोणाची आठवण करावी हे त्याला कथा सांगते. रोजच्या आयुष्यातला धर्म या दुसऱ्या गोष्टीवर चालतो.

स्टीफन्सने हे काम कसे केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने प्रथम छंद घेतला तो आमचा ओवीचा. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा चरण आखूड, मोकळा, हा ग्रंथी ओवीचा साचा त्याने जसाच्या तसा उचलला. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत सर्वांनी ज्या साच्यात निरूपण केले तो हा साचा. एकनाथांनी देह ठेवला १५९९ साली. म्हणजे स्टीफन्स साष्टीत ओवी शिकत होता तेव्हा नाथांची ओवी पैठणास हयात होती. या छंदाचा गुण असा की, तो गाता येतो, पण गायकी लागत नाही. तीन यमके ऐकणाऱ्याला पुढे ओढून नेतात, आणि आखूड चौथा चरण त्याला श्वास घ्यावयास जागा देतो. त्या श्वासातच अर्थ उतरतो. अक्षरशत्रू मनुष्यालाही दोन-तीन वेळा ऐकल्यावर चौथा चरण आपण होऊन म्हणता येतो, आणि एकदा चौथा चरण श्रोत्याच्या तोंडी आला की कथा सांगणाराची उरत नाही, ऐकणाराची होते. मोठमोठ्या प्रवचनांस जे साधत नाही ते या आखूड चरणास साधते.

दुसरे काम भाषेचे. आपल्या प्रस्तावनेत स्टीफन्सने या बाबतीत स्वच्छ कबुली दिली आहे. देवाच्या गोष्टी सांगण्यास या देशीच्या भाषांत मराठी ही योग्य वाटली म्हणून आपण ती घेतली. परंतु शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही हे पाहून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकले आणि ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे आजच्या नावाने कोंकणीतले, सोपे शब्द मिसळले, असा त्याच्या म्हणण्याचा भावार्थ आहे. दोन्ही पक्षांच्या वकिलांनी ही कबुली नीट वाचावी, अशी आमची विनंती आहे. मराठी ही त्या काळी साष्टीतल्या लोकांची देवळातली, पुराणातली, आदराची भाषा होती. कोंकणी ही चुलीजवळची, शेतातली, झोपेत बरळण्याची भाषा होती. स्टीफन्सने दोहोंची योग्यता जाणली होती. त्याची 'दोत्रीन' कोंकणीत आहे आणि १६२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापली गेली. कोंकणीचे पहिले व्याकरणही त्याचेच, ते १६४० साली निघाले. प्रश्नोत्तरांसाठी त्याने घरची भाषा घेतली, आणि पुराणासाठी देवळातली भाषा घेऊन तिला घराकडचा दरवाजा ठेवला. कोणती भाषा श्रेष्ठ, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. कोणत्या कामास कोणता शब्द ऐकणाऱ्याच्या काळजापर्यंत जाईल, एवढाच प्रश्न होता. जो लेखक आपल्या श्रोत्याकडे पाहून लिहितो त्याला हा विवेक आपोआप येतो, आणि जो प्रतिपक्षाकडे पाहून लिहितो त्याला तो कधीच येत नाही.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि येथे आमच्या मनात कौतुक व खेद दोन्ही आहेत. स्टीफन्सने स्वर्गास 'वैकुंठ' म्हटले, बाप्तिस्म्यास 'ज्ञानस्नान' म्हटले, आणि आपल्या देवास 'परमेश्वर' म्हटले. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर त्याने शब्दांचा कब्जा घेतला आणि मालकीचे नाव बदलले. वैकुंठ राहिले, विष्णू गेला. ज्यांचे देव नदीपलीकडे गेले होते त्यांना त्याच देवांच्या घराचे नाव नव्या धन्याच्या नावे ऐकावयास लागावे, यात एक क्रूरता आहे, आणि ती आम्ही झाकून ठेवणार नाही. पण शब्द ही जमीन नव्हे. जमिनीवरून कूळ उठविता येते. शब्दातून त्याच्या आठवणी उठविता येत नाहीत. 'वैकुंठ' हा शब्द कानी पडला म्हणजे त्याच्याबरोबर आजीची हरिपाठाची वेळ, गरुडाचे चित्र, एकादशीचा उपास हे सारे न बोलावता येते. स्टीफन्सला हे कळत नव्हते असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान होय. त्याने ही जोखीम पत्करली, कारण परका शब्द वापरला तर श्रद्धा जिभेवरच राहील, आत जाणार नाही, हे त्याला दिसत होते. म्हणून ज्या शब्दाने त्याने जुना धर्म पुसावयाचा योजिला त्याच शब्दाने त्या धर्माचा गंध राखला. ख्रिस्तपुराण वाचताना आम्हांस जी जवळीक वाटते आणि त्याच क्षणी जो चटका बसतो, त्या दोहोंचे कारण हे एकच आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. पहिल्या पुराणात कथेपेक्षा शिकवण पुष्कळदा वरचढ होते. गुरू-शिष्यांचे प्रश्नोत्तर लांबते, आणि वाचणारा कंटाळतो. मूर्तिपूजेचा निषेध त्यात आहे. नसता तरच नवल. परंतु येथे तुलना करणे न्यायाचे होईल. स्टीफन्सच्या मागोमाग एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरच्या चरित्रावर मराठी ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६२९ ते १६३४ या काळात छापला गेला. त्यात आमच्या पुराणांचे खंडन हाच मोठा उद्योग आहे. ओवी तीच, भाषा जवळजवळ तीच, परिश्रमही थोडे नव्हेत. तरीही त्या ग्रंथाचे आज अभ्यासकांवाचून कोणी नाव घेत नाही. कारण उघड आहे. दुसऱ्याच्या देवाची निंदा ऐकून कोणाची भक्ती वाढत नाही; आपल्या देवाची गोष्ट ऐकून वाढते. दुसऱ्या पुराणात स्टीफन्स जेथे वाद सोडून येशूचा जन्म, त्याचे दुःखभोग आणि मरण यांच्या कथेत शिरतो तेथे त्याची ओवी आपोआप हलकी होते, आणि वाचणारा कोणत्याही धर्माचा असला तरी थांबून ऐकू लागतो.

मग असा ग्रंथ गाइला जाणे का थांबले? याचे उत्तर काव्यात नाही, राज्यकारभारात आहे. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने तर लग्नातल्या देशी गाण्यांवर आणि वाद्यांवरही बंदी घातली. हे हुकूम हिंदूंवरच्या जुलमाचा भाग म्हणून आपण वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांनी ख्रिस्ती मंडळींचेही नुकसान केले, ही गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. ज्या ओवीने त्यांचा नवा धर्म घरात आणला होता तिचाच गळा त्यांच्या राज्यकर्त्यांनी आवळला. देवळातले संगीत लॅटिनकडे गेले. पुढे गावोगावच्या पॅरिश शाळांतून मेस्तांनी मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले, आणि त्यातून गोव्याला उत्तम वादक मिळाले, हे खरे. पण सांगितली जाणारी कथा मागे पडली. तरीही लोकांनी आपली वाट शोधलीच. घराघरांतून आणि वाटेवरच्या खुरसापाशी लादायन्य गाइले जात राहिले, लेंतच्या दिवसांत गोव्याच्या मेस्तांनी रचलेले मोतेत ऐकू येत राहिले, आणि १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा कोंकणीत आल्यावर देशी भाषेतील गायनाला देवळात पुन्हा हक्काची जागा मिळाली. हुकमाने बंद केलेले तोंड तीनशे वर्षांनीही आपल्याच भाषेत उघडते, हा या इतिहासाचा धडा आहे.

येथे आणखी एका नावाचा उल्लेख केल्यावाचून विषय पुरा होत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. त्यांच्या पाठीशी स्टीफन्सप्रमाणे राज्याची तलवार नव्हती. त्यांना तर स्वजनांचा रोष सोसावा लागला. त्यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मंडळीत अभंग आणि भजन रुजविले. तेथे ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्या आधीच पडलेली होती. तुकोबांचे ऋण त्यांनी कधी लपविले नाही. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यांची गीते 'उपासना संगीता'तून मराठी ख्रिस्ती मंडळी आजही दर रविवारी गातात. स्टीफन्सची ओवी बाहेरून शिकलेली होती, टिळकांचा अभंग आतून आलेला होता, हा फरक खराच. परंतु आमच्या मते टिकण्याचे कारण तेवढेच नाही. अभंग चार कडव्यांचा. तो भाकरी थापताना म्हणता येतो. पुराणाला मात्र सांगणारा लागतो, ठरलेली वेळ लागते, आणि बसून ऐकणारी मंडळी लागतात. या तिहींतली एक गोष्ट गेली की पुराण पोथी होते, आणि पोथीची पुढे निशाणी होते.

वाचक म्हणतील, हे सारे आम्हांस कशासाठी? आमच्या सभामंडपाकडे पाहावे म्हणून. आमची पुराणे कोणी बंद केलेली नाहीत. कोणा व्हाइसरॉयचा हुकूम आमच्यावर नाही. तरीही चातुर्मासात किती देवळांतून पुराण सांगितले जाते, आणि किती ठिकाणी ध्वनिक्षेपकावर तीच ती फीत लावून पुजारी आत जातो, याचा ज्याने त्याने आपल्या गावापुरता हिशेब करावा. आमच्या ओळखीच्या एका देवस्थानात कीर्तनासाठी नेमलेली बिदागी काही वर्षे खर्चीच पडली नाही, कारण हरदास बोलाविण्याची आठवण कोणास राहिली नाही. आणि समितीच्या सभेत हा विषय आम्ही काढला तेव्हा रंगरंगोटीचा विषय त्याच्या आधी घेण्यात आला. साष्टीच्या त्या ब्राह्मणाने आपली पुराणे हिरावली गेल्यावर निदान दुसरे पुराण मागितले. आम्हांला आपले हरवल्याचेही कळत नाही.

आमचा निष्कर्ष थोडक्यात असा. येथे दावे दोन आहेत, आणि एका दाव्यातला पुरावा दुसऱ्यात वाचता कामा नये. देवळे पाडली गेली हा पहिला दावा. त्याचा निकाल इतिहासाने दिला आहे, आणि ख्रिस्तपुराण सुंदर आहे म्हणून तो फिरत नाही. ख्रिस्तपुराण हे काव्य म्हणून कसे आहे हा दुसरा. त्याचा निकाल देवळे पाडली गेली म्हणून त्याच्याविरुद्ध देता येत नाही. तो निकाल कानांनीच द्यावयाचा आहे. म्हणून आमची सूचना आहे की, ओवी जाणणाऱ्या एखाद्या कीर्तनकाराने दुसऱ्या पुराणातला एखादा अवस्वरू निवडावा, आणि हिंदू व ख्रिस्ती दोन्ही मंडळींसमोर तो साध्या चालीत म्हणावा. त्यावर भाषण करू नये, आभारप्रदर्शनही करू नये. चौथा चरण श्रोत्यांच्या तोंडी आपण होऊन येतो की नाही, तेवढे पाहावे.